बिनआकड्याचं माप

पुतण्या दिवाळीला आला होता. चाकणला एका कारखान्यात तो सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनवर प्रोग्रॅमिंग करतो. फराळ झाला, गप्पा झाल्या, आणि मोबाइलची रेंज मागच्या पडवीत बरी मिळते म्हणून असेल, 'काका, तुमचं वर्कशॉप दाखवा की' म्हणत तो मागे आला. पडवीत माझं तीन फुटी जुनं लेथ आहे, धातूचा तुकडा फिरवून कापायचं यंत्र, सिंगल फेजची मोटर बसवून घेतलेलं. त्याच्या शेजारी फळीवर मापं घ्यायचे व्हर्नियर, मायक्रोमीटर, एक बेकरचा डायल आणि या सगळ्यांच्या पुढे एक बसकं लोखंडी प्यादं. नातीनं ठेवलेलं नाव. खाली रुंद गोल बूड, मधे दांडा, वर छोटं सपाट डोकं. बुद्धिबळाच्या पटावरून उठून आल्यासारखं दिसतं खरं. पुतण्यानं व्हर्नियरकडे पाहिलंही नाही, नेमकं तेच उचललं. उलटं केलं, बूड पाहिलं, दांड्यावरून बोट फिरवलं, बहुधा खोदलेला आकडा शोधत होता. 'काका, याचं रीडिंग कुठं बघायचं?' म्हटलं, त्याला रीडिंग नसतं. 'मग साइझ काय आहे याचा?' म्हटलं, माहीत नाही. त्यानं मान हलवली आणि वडीलधाऱ्यांची वस्तू ठेवतात तितक्या अदबीनं ते परत फळीवर ठेवलं. विषय दुसरीकडे गेला.

त्याचा प्रश्न साधा होता. माझ्या मनात घोळत राहिलं ते माझं उत्तर. 'माहीत नाही' हे मी जरा ऐटीतच म्हटलं होतं. आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये एकक लिहिलं नाही म्हणून किती पोरांची पानं लाल केली असतील. 'बारा? बारा काय? केळी?' हा माझा ठरलेला विनोद होता, आणि पोरं त्याला दरवर्षी नव्यानं हसत, निदान हसल्यासारखं करत. तोच मी आता स्वतः घडवलेल्या मापाची उंची मला ठाऊक नाही, हे फुशारकीनं सांगत होतो. ही ऐट आली कुठून?

लेथवर काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी इतकंच की, फिरणाऱ्या जॉबला, म्हणजे घडवायच्या तुकड्याला, टूलचं टोक जिथं टेकतं ती जागा जॉबच्या अक्षाच्या नेमकी पातळीत लागते. टूल वर राहिलं तर ते कापायच्या ऐवजी पोटानं घासायला लागतं. जॉब तापतो आणि चकाकी येते ती खोटी, रगडल्याची. टूल खाली राहिलं तर लेथ कुरकुरतं, पार्टिंग करताना, म्हणजे तुकडा कापून वेगळा करताना, तर जॉब टूलवर चढायला बघतो आणि पातळ ब्लेड कट्कन जातं. तो आवाज एकदा ऐकला की पुढच्या वेळी पार्टिंगला हात घालताना आधी खांदे आखडतात. फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना, मात्र टूलची चहाडी जॉबच करतो. बाहेरून कापत मधोमध आलो की तिथं एक बारीकसं बोंड शिल्लक राहतं. ते बोंड नसावं, तोंड आरपार सपाट निघावं, याचसाठी हे प्यादं. टूल धरणाऱ्या टूल पोस्टवर टूल चढवायचं, त्याखालच्या सरकत्या क्रॉस स्लाइडवर प्यादं उभं करायचं, टूलचं टोक त्याच्या डोक्याशी भिडवायचं. दोघांची पातळी एक झाली की मळसूत्र आवळायची आणि कामाला लागायचं. बाजारात अशी गेजं विकत मिळतात. चायना मेड, चकचकीत, स्क्रूनं वरखाली होणारी. मुंबईला नागदेवीच्या गल्लीत एकदा हातात घेऊनही पाहिलं होतं. पण जुन्या लेथची उंची त्याची त्याची असते, कॅटलॉगमधली नसते.

मला हे लेथ शिकवलं ते आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींनी. रीतसर शिकवणी अशी नव्हती. प्रयोगशाळेतल्या एका स्टँडचा तुटलेला स्क्रू बनवून घ्यायला गेलो आणि जात राहिलो. ऑइल इंजिनाचे सुटे भाग करणारा लहानसा कारखाना. दारात बिडाचे ओतीव तुकडे रचलेले, त्यांच्यावर अजून फाउंड्रीची वाळू चिकटलेली. आत बिडाची काळी भुकटी सगळ्यावर बसलेली, मेस्त्रींच्या बोटांच्या रेषांत तर कायमची. बीड कापताना ओलावा लागत नाही, त्यामुळे कोरड्या लोखंडाचा एक वास घशाशी येतो. पोलाद कापायला घेतलं की त्यात दुधाळ कूलंटचा आंबूस वास मिसळतो. मेस्त्रींचं लेथ हरिहरच्या किर्लोस्करांचं, माझ्याहून फार लहान नसावं. बेडवर चकजवळ, म्हणजे जॉब धरणाऱ्या जबड्याजवळ, झिजून खळगा पडलेला. त्या लेथवर ते बेअरिंगच्या बैठका अशा काढायचे की रिंग हातानं दाबली की जाऊन बसायची आणि परत निघायला नको म्हणायची. तिथं मायक्रोमीटर असायचा, नाही असं नाही. उगाच त्यांच्या बोटांत दैवी शक्ती होती वगैरे मी म्हणणार नाही. पण मायक्रोमीटर निघायचा शेवटी. त्याआधीचं बरंचसं काम आकड्यांशिवाय चालायचं, आणि हे मला सुरुवातीला अक्षरशः सहन व्हायचं नाही.

टूल सेंटरला कसं लावायचं हे त्यांनी दाखवलं ते असं. पातळ स्टीलची पट्टी टूलच्या टोकात आणि गोल जॉबमध्ये हलकेच दाबून धरायची. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला. तिचं वरचं टोक आपल्याकडं कललं तर टूल खाली आहे, पलीकडं कललं तर वर आहे. मी खिशातून व्हर्नियर काढायला गेलो तर म्हणाले, 'र्‍हाऊ द्या ओ सर. पट्टी सांगतीय की.' मग फेसिंग घेऊन दाखवलं. मधे बोंड राहिलं. 'ह्ये बघा, अजून खाली हाय. आता घ्या तुमचा व्हर्नियर. बोंडाचं माप घ्या, निम्मं करा, तेवढं टूल उचला. झालं.' मी रात्री घरी कागदावर आकृती काढून पाहिली. टूल अक्षाच्या खालून जात असेल तर अक्षापासून तेवढ्या अंतराचा गाभा त्याला कापताच येत नाही. म्हणजे बोंडाचा व्यास चुकीच्या बरोबर दुप्पट. सिद्धता दोन ओळींची होती. दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहानं त्यांना ती दाखवली. त्यांनी कागद नीट पाहिला, घडी घातली आणि म्हणाले, 'व्हय, निम्मंच असतंय.'

टूल उचलायचं म्हणजे खाली पॅकिंग घालायचं. त्यांच्या डब्यात तुटक्या हॅकसॉ ब्लेडचे तुकडे, बिस्किटांच्या डब्याचा पत्रा, दाढीच्या ब्लेडचे अर्धे, आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून सिगारेटचं पाकीट. त्यातला चांदीचा कागद नव्हे, पुठ्ठा. हॅकसॉ ब्लेड साधारण ०.६५ मिलिमीटर, दाढीचं ब्लेड ०.१ च्या आसपास. ही मापं मी घेतली, त्यांनी नाही. त्यांना 'ह्यो जाड, ह्यो बारीक, ह्यो लई बारीक' एवढं पुरायचं.

निवृत्त झाल्यावर स्वतःचं लेथ घेतलं तेव्हा पहिली गोष्ट करायची ती हे गेज, असं ठरवलं होतं. छोटी वाफेची इंजिनं करायची हौस. त्यात सगळे भाग बारीक, आणि बारीक भागांना टूलची उंची फार जाचते. मनात डिझाइन तयार होतं. बुडात आटे, दांड्याला आटे, फिरवून उंची हवी तेवढी करायची, वर लॉक नट. शिवाय दांड्यावर मिलिमीटरच्या खुणा. कागद घेऊन मेस्त्रींकडे गेलो. ते तेव्हा थकले होते, मशीनवर मुलगा उभा राहायचा. त्यांनी कागद लांब धरून पाहिला. 'हालणारी वस्तू करताय सर. हालणारी वस्तू हालणारच. येकच तुकडा करा, उंच ठेवा, मग उतरवत न्या.' मी म्हटलं, उतरवताना डोकं वाकडं घासलं जाईल, एवढंसं तर डोकं. ते हसले. 'डोकं कशाला घासताय? पाय झिजवा की.'

पाय झिजवा. म्हणजे वरून काहीच कमी करायचं नाही, रुंद बूड खालून उतरवायचं. एवढंसं डोकं कागदावर घासलं तर ते डुलतं आणि गोलसर होतं. पन्नास मिलिमीटरचं बूड डुलत नाही. फिजिक्समध्ये पदवी, पदव्युत्तर पदवी आणि इतकी वर्षं स्थिर समतोल शिकवण्यात गेली, पण ही गोष्ट मला सुचली नव्हती.

करायला गेलं तर काम अर्ध्या दिवसाचं. पन्नास मिलिमीटरच्या एमएस राउंडचा, म्हणजे साध्या पोलादाच्या गोल सळईचा, तुकडा चकमध्ये धरला, तोंड घेतलं आणि तोंडाच्या मधोमध उथळ पोकळी काढली. कडेला चार-पाच मिलिमीटरची रिंगण राहिली, तिच्यावरच प्यादं उभं राहतं. सपाट वाटणारा पृष्ठभाग मधे किंचित फुगीर निघाला तर वस्तू भोवऱ्यागत गिरकी घेते. खोलगट असेल तर कडांवर निमूट बसते. मग त्याच पकडीत, चक न सोडता, आरपार भोक पाडून ते नेमकं करायला रीमर फिरवला. तोंड आणि भोक एकाच पकडीत झालं की ती दोघं एकमेकांना काटकोनात राहतात, त्यासाठी गुण्या लावून बघावा लागत नाही. दांडा सिल्व्हर स्टीलचा, बारा एमएमचा, दोन्ही तोंडं घेतलेला. तो भोकात दाबून बसवला. बसताना एक 'चिं' आवाज आला आणि भोकातली हवा तेलाचा बुडबुडा होऊन बाहेर आली. दांडा मुद्दामच लांब ठेवला होता. आता प्यादं मला हव्या उंचीपेक्षा जरासं उंच होतं. किती उंच हवं होतं ते मात्र मी कुठंच मोजलेलं नव्हतं.

मग टूल चढवलं. फेसिंग घेतलं, बोंड पाहिलं, निम्मं केलं, पत्रा सरकवला. परत फेसिंग. बोंड बारीक होत टाचणीच्या टोकाएवढं झालं, मग नुसता ठिपका, मग भिंगातूनही दिसेना. तोंडावरची गोल चरे एकामागे एक आत जात मधोमध एका बिंदूत बुडाली. हे दृश्य मला फार आवडतं, आजही. त्या क्षणी टूलचं टोक लेथच्या अक्षावर होतं, आणि ते तिथं आहे हे लेथनंच सांगितलं होतं. आता फक्त ती पातळी प्याद्याच्या अंगावर उतरवायची. प्यादं क्रॉस स्लाइडवर टूलला लागून उभं केलं आणि डोक्यावरून टूलकडे नख ओढलं. नख अडखळलं, प्यादं उंच होतं. आरशाच्या जाड काचेवर सहाशे नंबरचा पॉलिश पेपर पसरला, थोडं रॉकेल टाकलं आणि बूड घासायला बसलो. गोल गोल, मधूनच प्यादं जागेवर फिरवून, म्हणजे एकाच बाजूनं जास्त झिजायला नको. काळं पाणी सुटतं. पुसायचं, नेऊन उभं करायचं, नख ओढायचं. परत घासायचं. पडवीत पाऊस तिरका येत होता, सौंनी आतून विचारलं, 'अजून तेच?' शेवटी एकदा नख प्याद्यावरून टूलवर गेलं आणि मधे काही लागलंच नाही. आणखी दोन-चार हात कमी-जास्त करून बघावं असं वाटत होतं, पण थांबलो.

या सगळ्यात आकडा आला तो एकदाच, बोंड निम्मं करताना. तोही वापरून टाकून दिला.

प्रयोगशाळेत माझं सगळं आयुष्य उलट्या वाटेनं गेलं होतं. तिथं आधी आकडा. स्क्रू गेजचा झिरो एरर, व्हर्नियरचा लीस्ट काउंट, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचे रकाने. आणि त्या रकान्यांचं खरं काय असायचं हेही आम्हा मास्तर मंडळींना ठाऊक होतं. लंबकाच्या प्रयोगात अख्ख्या वर्गाचं उत्तर ९.८ च्या आगेमागे यायचं, ज्या पोरानं दोरी बांधलीच नव्हती त्याचंसुद्धा. आकडा दिसायला फार प्रामाणिक असतो. सवय गेली नाही म्हणून प्याद्याचाही हिशेब मी मागाहून मांडलाच. मे महिन्यात पडवीत पारा ३८ ला जातो. १९३१ पासून लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असा जगभरचा संकेत आहे. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. म्हणजे प्याद्याची उंची साठेक मिलिमीटर धरली तर उन्हाळ्यात ते बारा मायक्रॉननी वाढणार. इथवर आल्यावर मी जरा गंभीर झालो. मग लक्षात आलं की लेथचं बीडही त्याच पडवीत आहे आणि तेही जवळपास तेवढंच वाढतं. दोघं बरोबर वाढतात, बरोबर आक्रसतात. प्याद्याला मिलिमीटरशी देणंघेणं नाही, फक्त या लेथशी आहे.

आणि मुळात एवढी काटेकोर उंची लागते कुठं? टूल अर्धा मिलिमीटर चुकलं तर दहाच्या राउंडवर व्यासात ०.०५ चा फरक पडतो. ०.०५ चुकलं तर फरक मायक्रॉनच्याही आत, मोजायला जाल तर हसं होईल. पण तेच अर्ध्या मिलिमीटरनं चुकलेलं टूल दोन एमएमच्या व्हॉल्व्ह स्पिंडलवर आणा, व्यास बारा टक्क्यांनी चुकतो. आणि टेपर घेताना तर गंमतच. टूल अक्षाच्या वर किंवा खाली असेल तर शंकू निघत नाही, हायपरबोलॉइड, म्हणजे किंचित वक्र बाजूंचा आकार, निघतो. डोळ्याला कळत नाही, पण वाफेच्या नळाची शंकूची चावी, कुठं टेकते ते कळावं म्हणून निळं लावून, तिच्या जागेत फिरवली की दोन टोकांनाच निळा रंग लागतो किंवा मधेच, आणि वाफ गळते ती गळतेच. हायपरबोला मी फळ्यावर शेकडो वेळा काढला असेन. तो पितळेत, माझ्याच हातून, नको असताना कापला जाऊ शकतो हे फळ्यावर कधी जाणवलं नव्हतं.

आकड्याविना अचूक काम होतं, हे काही उद्यमनगरातलं गावठी गुपित नव्हे. जोसेफ व्हिटवर्थनं १८४० साली ग्लासगोत शास्त्रज्ञांच्या सभेपुढे अगदी सपाट पृष्ठभाग कसा करायचा हे मांडलं, त्यातही मोजणं नाही. दोन पत्र्यांना निळं लावून एकमेकांवर घासलं आणि उंचवटे खरवडत नेले तर ते एकमेकांत छान बसतात, पण एक फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असला तरीही बसतात. तिसरा पत्रा आणला की लबाडी संपते. तिघंही आळीपाळीनं एकमेकांशी जुळायचे तर तिघांना सपाट होण्यावाचून गत्यंतर नाही. जुळवणी करताकरताच खरेपणा येतो. याच व्हिटवर्थनं काम केलं त्या हेन्री मॉडस्लेच्या लंडनच्या कारखान्यात एक बाकावरचा मायक्रोमीटर होता. कामगारांत वाद झाला की अखेरचा निवाडा त्याचा, म्हणून त्याला 'लॉर्ड चान्सलर' म्हणत. मला यातलं 'वाद झाला की' महत्त्वाचं वाटतं. एकटा माणूस आपल्या लेथपाशी असतो तेव्हा वाद नसतो. समोर दुसरा आला की आकडा लागतो.

आणि दुसरा दूर असेल तर जास्तच. स्वीडनमध्ये एस्किल्स्टुनाच्या रायफल कारखान्यात कार्ल एडवर्ड योहानसन नावाचा कारागीर होता. १८९६ साली जर्मनीत ओबर्नडॉर्फला माउझरच्या कारखान्यात तो गेला, तिथं प्रत्येक मापासाठी वेगळा ठोकळा, असे ढीगभर ठोकळे त्यानं पाहिले. परतीच्या आगगाडीत त्याला सुचलं की थोडे ठोकळे नीट निवडले तर एकमेकांना चिकटवून हवं ते माप रचता येईल. त्याच्या १०२ ठोकळ्यांच्या संचातून वीसेक हजार मापं निघत. आज कुठल्याही टूल रूममध्ये लाकडी पेटीत निजलेले स्लिप गेज ते हेच. पण ही कल्पना प्रत्यक्षात त्यानं आणली ती घरी, बायकोचं शिवणयंत्र बदलून त्याचं घासायचं यंत्र करून. हे वाचलं तेव्हा मी सौंना वाचून दाखवलं. त्यांनी कपाटाच्या शेजारी ठेवलेल्या आपल्या मशीनकडे नुसतं पाहिलं.

पुतण्याशी या विषयावर परत बोलणं झालं ते फोनवर, बऱ्याच दिवसांनी. मी विचारलं, तुमच्याकडं टूलची उंची, लांबी कशी लावतात? म्हणाला, टूल सेटरवर टच करतो, ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेचा आकडा, मशीनच घेतं. मग त्यानं आपण होऊन एक स्क्रीनचा फोटो पाठवला. हिरव्या अक्षरांत ओळीनं आकडे, उणे तीनशे बारा पॉइंट काहीतरी, तीन दशांशस्थळांपर्यंत. मी लिहिलं, हा आकडा शेजारच्या मशीनवर चालेल? नाही चालणार. या मशीनवर उद्या हेच टूल काढून परत लावलं तर? परत टच करावं लागेल. मग तुझ्या या आकड्यात आणि माझ्या प्याद्यात फरक काय, असं विचारलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. रात्री फोन आला. 'काका, ऑफसेटचं खरंय. तो आकडा मशीनपुरताच. पण त्या ऑफसेटवर निघालेला पार्ट जर्मनीला जातो आणि तिथल्या कुणी केलेल्या हाउसिंगमध्ये घातला की बसतो. आम्ही ते हाउसिंग बघितलेलंसुद्धा नसतं. तुमच्या इंजिनाचा पिस्टन दुसऱ्या कुणाच्या सिलिंडरमध्ये बसेल का?' नाही बसणार. माझा पिस्टन मी त्याच सिलिंडरमध्ये घासून जमवतो. पालथा धरला तर स्वतःच्या वजनानं हळूहळू उतरतो, खालून बोट लावलं की थांबतो. दुसऱ्या सिलिंडरमध्ये तो एकतर जाणार नाही, किंवा धप्पकन पडेल. पोरगं बरोबर बोलत होतं आणि मला ते ऐकून बरं वाटलं, थोडं वाईटही वाटलं. माझं सगळं वर्कशॉप एका परीनं स्वतःशीच बोलत बसलेलं आहे.

तरी त्या ऐटीचा उगम आता मला सापडतो असं वाटतं. आकडा माहीत नसणं ही ऐट नव्हती. ज्याला कुणालाच काही सिद्ध करून दाखवायचं नाही, जर्नल तपासायला द्यायचं नाही, असं काम आयुष्यात पहिल्यांदा हाती आलं, त्याची होती. पण त्यात एक खोटही आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. हे प्यादं माझ्या लेथपासून हललं की लोखंडाचा तुकडा आहे. मी गेल्यावर लेथ कुणी नेलं आणि प्यादं फळीवरच राहिलं तर ते भंगारात जाणार, आणि जायलाच हवं. शिवाय लेथही जसंच्या तसं राहत नाही. टूल वाहून नेणारं कॅरेज झिजतं, क्रॉस स्लाइड केसभर खाली बसते, त्याबरोबर प्यादंही खाली बसतं, पण जॉब फिरवणारा स्पिंडल आपल्या जागी असतो. म्हणजे प्यादं हळूहळू खोटं बोलायला लागणार. कधी? फेसिंगवर ठिपका उमटायला लागेल तेव्हा. त्या दिवशी नवं उंच प्यादं करून परत पाय झिजवावे लागतील. पावसाळ्यात त्याला गंज धरतो म्हणून मी बुडाला घट्ट ग्रीस लावून ठेवतो, पण वापरताना ते पुसायला विसरलो तर उंचीत ग्रीसचा थर येतो. मेस्त्रींना हे सांगायचं राहिलं. ते बहुतेक म्हणाले असते, पुसा की मग.

हल्ली अडचण वेगळीच आहे. नख पूर्वीसारखं लागत नाही. नखंच जाड झाली आहेत, की बोटातली जाण कमी झाली, देव जाणे. प्याद्यावरून टूलवर नख ओढलं की अडखळलं की नाही हे दोनदा-तीनदा बघावं लागतं. त्यावर सोपा उपाय म्हणून एक ग्राइंड केलेली छोटी पट्टी प्याद्याच्या डोक्यावर आडवी ठेवायला लागलो, अर्धी डोक्यावर आणि अर्धी बाहेर, टूलच्या टोकावर आलेली. टूल उंच असेल तर पट्टी उचलली जाते, एक टोक वाजतं. खाली असेल तर टोक आणि पट्टी यांच्यामध्ये मागच्या खिडकीतला उजेड दिसतो. काही मायक्रॉनची फटसुद्धा उजेडात उघडी पडते. डोळे अजून बोटांपेक्षा बरे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तर फारच. पट्टी मात्र सारखी घरंगळून कूलंटच्या ट्रेमध्ये पडते.

ती पट्टी कायमची बसवून टाकावी असा विचार करत होतो, आणि परवा त्यातून दुसरंच काही सुचलं. पार्टिंगचं टूल लेथच्या मागच्या बाजूला उलटं लावतात, म्हणजे कापताना ते जॉबमध्ये ओढलं जात नाही. मला तसा मागचा टूल पोस्ट करायचाच आहे. पण उलट्या टूलचं टोक खाली तोंड करून असतं, त्याला उंची दाखवायला वर तोंड केलेली पातळी लागते, आणि सुलट्या टूलला खाली तोंड केलेली. दोन्ही नेमक्या एकाच उंचीवर. हे दोन वेगळ्या भागांत करायला गेलं तर मोजायला आलं. पण प्याद्याच्या डोक्यावर पट्टी एका बाजूला सरकवून घट्ट बसवली तर? एका बाजूनं पट्टी बाहेर डोकावते, तिचं पोट म्हणजे सुलट्या टूलची पातळी. दुसऱ्या बाजूला प्याद्याचं डोकं उघडं राहतं, ती उलट्या टूलची. दोघांच्या मधली सांध म्हणजेच एकच पातळी, वरूनही आणि खालूनही. मोजायचं काहीच नाही. फक्त दोन्ही पृष्ठभाग सपाट हवेत आणि आवळताना मधे चिप अडकायला नको. प्याद्याचं डोकं बारा एमएमचं, त्यामुळे बोल्ट एका कडेला घ्यावा लागेल. चार एमएमचा पुरेल, सिल्व्हर स्टील अजून पाणी देऊन कडक केलेलं नाही, आटे पाडायचा टॅप सहज जाईल.